एस्तेरचा रोजा

हिनानं हलव्याची वाटी पुढे केली, तशी रिबकाबाईंनी ती हलक्या हातानं परत सरकवली. आज त्यांचा रोजा होता. आकाशात तारे दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही.

रिबकाबाई अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. नर्सची नोकरी करून धुळ्यातच निवृत्त झाल्या आणि इथंच राहिल्या. शेजारी हस्तीमल कापडवाल्यांचं घर. त्यांच्या पत्नी तारादेवी रोज सकाळी सुनेला, हिनाला घेऊन रिबकाबाईंच्या ओट्यावर येऊन टेकत. रोजाचं ऐकून त्या हसल्या. आम्ही जैन दिवस मावळायच्या आत जेवणार, तुम्ही मावळल्यावर. आपली पंगत काही जमायची नाही, म्हणाल्या.

रोजा कुणाच्या दुःखाचा, असं हिनानं विचारलं. दुःखाचा नव्हे, असं म्हणत रिबकाबाई सांगू लागल्या. हामान नावाच्या प्रधानाच्या नादी लागून इराणच्या राजानं सगळ्या यहुद्यांना मारायचा हुकूम काढला होता. राणी एस्तेर स्वतः यहुदी, पण राजाला ते ठाऊक नव्हतं. जाऊन सांगावं, तर न बोलावता समोर येणाऱ्याला मरणाची शिक्षा. शेवटी तिनं आपल्या सगळ्या लोकांना तीन दिवस उपास करायला सांगितलं, स्वतःही केला आणि गेली. राजानं ऐकलं, लोक वाचले. उद्या त्याचाच सण, पुरीम. पुरणपोळ्या करायच्या आहेत.

“उपास तिनं एकटीनंही केला असता, अक्का,” हिना म्हणाली.

“भीती वाटत होती ना तिला,” रिबकाबाई म्हणाल्या. “आत एकटीलाच जायचं होतं. बाहेर आपली माणसं उपाशी बसलीत, एवढा आधार पुरला.”

धुळ्याजवळच्या नरडाण्याच्या एका कारखान्यानं हिनाला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. नवरा, अर्पित, म्हणायचा, बाबूजींना तूच विचार. आणि बाबूजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हाक मारल्याशिवाय त्यांच्यासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. सासूबाईंनी तर या विषयावर हो की नाही, काहीच म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी, उन्हं अंगणात असतानाच, हिनानं सासूसासऱ्यांची ताटं वाढली. तारादेवींनी आपलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

“आज माझा उपास आहे.”

“आज कुठली तिथी?” हस्तीमल म्हणाले.

“तिथी नाही. हिनाला तुमच्याशी बोलायचंय, म्हणून धरलाय.”

हिनाचा वाढता हात थांबला. मग तिनं भांडं खाली ठेवलं आणि नोकरीचं सगळं सांगून टाकलं, एका दमात. हस्तीमल घास तसाच धरून बायकोकडे बघत राहिले.

“नरडाण्याला सकाळी बस किती वाजता असते?” त्यांनी विचारलं.

हिना आठवू लागली.

“सव्वासातला,” तारादेवी म्हणाल्या. “ती चुकली तर आठला दुसरी आहे.”