टॅपेट वाजतंय, वाजू द्या

मित्रांनो, वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीची. अमेरिकेतल्या कारखान्यात घडले, जहाजात बसून क्यूबाला आले आणि मातान्सास गावात जी रुजले ती रुजलेच. मी एक जुनी मोटार आहे. रंग निळा, तोही चार ठिकाणी चार तऱ्हेचा. पण बॉनेटखाली आहे माझं स्वतःचं, जन्मापासूनचं सहा सिलिंडरचं इंजिन. हे मी जरा ठसक्यातच सांगते, कारण इथल्या माझ्या बहुतेक मैत्रिणींच्या पोटात आता कुणाचं ट्रॅक्टरचं, कुणाचं बोटीचं डिझेल इंजिन धडधडतं. समोरच्या हिरवीचं जुनं इंजिन तर अंगणात पडलंय. त्यावर कोंबड्या बसतात. 

मला आधी माझ्या मालकाच्या, एवेलिओच्या वडिलांनी चालवलं, मग एवेलिओने. काय काय वाहिलं म्हणून सांगू! शाळेची पोरं, बाळंतिणी, नवऱ्यामुली, आणि नाताळच्या आदल्या दिवशी मागच्या सीटवर बसून रागाने ओरडणारं एक जिवंत डुक्कर. चढावर मी कधी मागे सरले नाही. म्हातारे लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "हिच्यासारखी हीच!" फार सुखाचे दिवस होते ते.

माझी एक खोड होती. मी टिकटिक करायची. इंजिनात हवा घेणारी आणि धूर सोडणारी झाकणं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात बारीकशी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो आणि त्याला जागा लागते. त्या फटीचा आवाज होतो. गॅरेजवाले म्हणतात, टॅपेट वाजतंय.

एवेलिओच्या लेकीला, लिसेतला पंधरावं लागणार होतं. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाच्या तोडीचा थाट. फुगीर झगा घालून, मोटारीत बसून ती समुद्रकाठाने मिरवते. लिसेत सहज बोलून गेली, "पपा, आपली गाडी आली की वाटतं कुणी शिवणयंत्र चालवतंय. माझ्या मैत्रिणी हसतील हो."

झालं! बापाच्या मनाला लागलं. एवेलिओने पाना घेतला आणि सगळ्या टॅपेटच्या फटी आवळून टाकल्या. वाजायला जागाच ठेवली नाही. मी अशी गप्प झाले की गल्लीतले लोक कौतुकाने बघायला आले. "तरुण झाली रे तुझी म्हातारी!" एवेलिओची छाती फुगली. आणि मी? मला बोलता येत असतं तर मी बोंब मारली असती.

थोड्याच दिवसांत चढावर मला दम लागू लागला. उभी असले तरी अंग थरथरायचं, मागून धूर फुसफुसायचा. उतारूंना खाली उतरून मला ढकलावं लागलं. मेले शरमेने! हिरवीचा मालक म्हणाला, "संपलं हिचं इंजिन. काढ आणि डिझेल बसव." वाढदिवस तोंडावर आला होता. एवेलिओने हातपाय गाळले आणि इंजिन उतरवायला मेव्हण्याला, निवाल्दोला बोलावलं.

निवाल्दो साखळी आणि कप्पी घेऊन आला. अंगणात झाडाला कप्पी बांधली तेव्हा मला कोंबड्याच दिसायला लागल्या. कॉफी घेता घेता तो म्हणाला, "दाजी, चालू तरी करा. शेवटचं ऐकतो."

मी चालू झाले. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "टॅपेट वाजत कसं नाही?"

"गप्प केलं ना मी!" एवेलिओ म्हणाला. अजूनही त्याच्या बोलण्यात थोडी फुशारकी होतीच.

निवाल्दोने कप खाली ठेवला. वर्तमानपत्राचा तुकडा माझ्या धुराच्या नळीशी धरला. कागद बाहेर फडफडायला हवा. तो मधूनच आत ओढला जात होता. मग त्याने स्पार्क प्लगच्या तारा एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी मी अडखळले, पण चौथी काढली तेव्हा मला काहीच फरक पडला नाही. चौथा सिलिंडर आधीच मेल्यात जमा होता. शेवटी वरचं झाकण उघडून दुधाच्या डब्याची पातळ पत्र्याची पट्टी त्याने फटीत घालून पाहिली. ती कुठेच शिरेना.

"दाजी, गळाच आवळलात की हिचा! तापली की व्हॉल्व्ह मिटतच नाही. उघडा राहून जळलाय. आता तो बसतो ती जागाही जळली असेल, तर मात्र इंजिन गेलं."

एवेलिओ मटकन पायरीवर बसला. "बाबांनी एवढी वर्षं जपलं, आणि मी माझ्या हाताने..." 

इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवला. चौथ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची कड कुरतडल्यासारखी झाली होती, पण बसायची जागा शाबूत होती! निवाल्दोने एका रशियन ट्रकचा व्हॉल्व्ह लेथवर कातून मापात आणला. एवेलिओने तो घासायचा खरखरीत मसाला लावून, लाकडी दांडीने तळहातांमध्ये रवीसारखा फिरवत घासला. हाताला फोड आले तरी दांडी दुसऱ्याला देईना. गळती बघायला वरून रॉकेल ओतायचं होतं. ते घरात होतं तेवढंच, स्वयंपाकाचं.

बायको ओनेलिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि रांधू कशावर? तुझ्या डोक्यावर?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ओता मेलं. आज गार खा सगळे."

रॉकेलचा एक थेंबही झिरपला नाही. माझा जीव भांड्यात पडला. निवाल्दोने तीच पत्र्याची पट्टी घालून सगळ्या फटी पुन्हा मोकळ्या ठेवल्या, आणि साखळी जशी आली तशीच परत गेली.

वाढदिवशी लिसेत गुलाबी झग्यात माझ्यात बसली. समुद्रकाठी फोटो काढणारा वैतागला. "अहो, गाडी बंद करा! केवढी टिकटिक!"

"नको, पपा," लिसेत म्हणाली. "असू दे तिचा आवाज. ऐकू येतोय तोवर ती बरी आहे."

एवेलिओने गॉगल काढून डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल. एखादं जुनं माणूसही असेल. कृपा करून त्याला गप्प करायला धावू नका. जवळ बसा आणि आधी विचारा, दुखतंय का गं कुठे? मला कुणी विचारलं असतं तर मी कधीच सांगितलं असतं.