तीन डवल्यांची बाटली

तपासणीस गुरुवारी येणार असल्याची चिठ्ठी सोमवारी शाळेत आली आणि यशोदाबाईंचं जेवणातलं लक्ष उडालं. त्या बावीस वर्षांच्या होत्या, मूळच्या कुडाळच्या. आचऱ्याच्या पलीकडे भोवरवाडीच्या शाळेत येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. नेमणूक हंगामी होती. शाळेत मास्तर दोनच. मोठे वर्ग गुरुदास मास्तर घेत आणि पहिली-दुसरी बाईंकडे.

त्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, तपासणीचा सगळा भर नव्या वजनमापांवर होता. दिवाळीनंतर किलो-ग्रॅमच्या वजनांची एक लाकडी पेटी आणि लिटरची पत्र्याची मापं शाळेत आली होती. मुलांच्या घरी मात्र अजून पायली आणि शेरच चालत. बाई शाळेत लिटर शिकवत आणि मुलं घरी जाऊन शेराने दूध आणत.

"प्रभुदेसाई साहेब पुस्तकातलं विचारत नाहीत," गुरुदास मास्तरांनी सांगितलं. "वस्तू समोर मांडतात आणि पोरांना बोलतं करतात. गेल्या साली पलीकडच्या गावात पोरं गप्प बसली. तिथल्या हंगामी बाईंना पुन्हा घेतलं नाही."

"आणि हजेरी?"

"हजेरी तर पहिली बघतात."

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई घरोघर फिरल्या. उद्या एकही मूल घरी राहता कामा नये, असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगत सुटल्या. शेवटी शेवंतीच्या खोपीपाशी आल्या. शेवंतीची तुळसा दुसरीत होती, सात वर्षांची. आठवड्यातले तीन दिवस ती शाळेत नसे, कारण घरी आठ महिन्यांचा बाबू होता. नवरा विजयदुर्गाला बंदरावर कामाला, आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी सुरू झाल्यापासून शेवंती दिवसभर चिखलात.

"बाईनू, उद्या कसा जमतला?" शेवंती म्हणाली. "झिलाक खोकलो झालोहा. तेका कोण बघतला?"

"एक दिवस, शेवंती. फक्त उद्याचा दिवस. माझी नोकरी आहे त्यावर."

हे शेवटचं बोलायला नको होतं असं बाईंना लगेच वाटलं. पण शब्द गेला होता. शेवंतीने मान हलवली. तुळसा दाराआडून ऐकत होती.

गुरुवारी हजेरी पूर्ण भरली. प्रभुदेसाई साहेब सायकलवरून आले. कोटाला घामाचे डाग, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक दगड, कापसाचं एक मोठं गाठोडं, औषधाची रिकामी बाटली आणि पत्र्याचा छोटा चमचा काढून मेजावर मांडला; शेजारी शाळेतला पाण्याचा तांब्या ठेवला. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तळहात ओले झाले होते, ते त्या पदराला पुसत होत्या.

"यातलं जड काय?" साहेबांनी विचारलं.

चार-पाच हात गाठोड्याकडे गेले. एकाने दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि "दगड!" म्हणून ओरडला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसत नव्हतं.

मग त्यांनी बाटली उचलली. "ही भरायला हे असे किती चमचे पाणी लागेल? अंदाजाने सांगा."

कुणी शंभर म्हणालं, कुणी वीस. मागच्या ओळीत बसलेल्या तुळसाने हात वर केला. ती सहसा हात वर करत नसे. काल दाराआडून ऐकलेलं तिच्या मनात असावं.

"तीन," ती म्हणाली.

मुलं हसली. साहेबांनी तिला पुढे बोलावलं आणि चमचा हातात दिला. "मोजून दाखव."

तुळसा एकेक चमचा बाटलीत ओतू लागली. तिसऱ्या चमच्याला बाटली जेमतेम पाव भरली होती. बारा चमच्यांना बाटली भरली. तुळसाचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे किती झाले?"

"बारा." आणि मग हट्टाने, "पण तीनांत सरता. आमची बाटली तीनांत सरता."

"बाई, ही मुलगी..." साहेब वहीकडे वळले. बाईंना वाटलं, संपलं. माझ्या वर्गातलं मूल चुकलं आणि वर साहेबांशी वाद घालतंय. त्या पुढे झाल्या आणि चिडून म्हणाल्या, "तुळसा, कसली बाटली? कसले तीन?"

"बाबूच्या वखदाची. अशीच आसा." तुळसा रडकुंडीला आली होती. "तीन डवले भरतत तेत."

डवला म्हणजे नारळाच्या करवंटीची दांड्याची पळी. घरोघरी आमटी वाढायला असते ती. बाईंच्या मनात ते चित्र उमटायला एक क्षण लागला.

"डवल्याने औषध? लहान चमच्याने नाही?"

"चमचो हरावलो. आवशीन सांगल्यान, एक चमचो घाल म्हणान. काल एक घातलंय. आज सकाळी एक घातलंय." आणि हे शाबासकीचं उत्तर असावं अशा आशेने बाईंकडे पाहत ती म्हणाली, "तो निजलो, म्हणान माका येवक गावला."

वर्गात काही वेगळं झालंय हे मुलांना कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांनी हातातली वही मिटली. "खोकल्याचं औषध?" ते हळूच म्हणाले. "त्यात अफूचा अंश असतो, बाई. मूल केवढं आहे?"

बाई तुळसाचा हात धरून दाराबाहेर पडल्या होत्या. मागून साहेबांचा आवाज आला, "गुरुदास मास्तर, वर्ग सांभाळा! मी डॉक्टरांना आणतो!" आणि सायकलची साखळी खडखडली.

शाळेपासून खोप दोन शेतांपलीकडे. बाई बांधावरून धावल्या, एक चप्पल चिखलात रुतली ती तशीच राहिली. तुळसा मागे धावताना विचारत होती, "बाई, काय झाला? माझा चुकला काय?" बाईंच्या डोक्यात एकच फिरत होतं, काल मी म्हणाले, फक्त उद्याचा दिवस.

शेजारचा म्हातारा भिकाजी ओटीवर काथ्याची दोरी वळत बसला होता. शेवंतीने बाबूकडे लक्ष ठेवायला त्यालाच सांगितलं होतं. बाईंना पाहून तो खुशीत म्हणाला, "आज बरो निजलो हा. सकाळपासून एकदाय रडाक नाय."

खोपीत अंधारगुडूप होतं. बाबू पाळण्यात हात सैल टाकून पडला होता. बाईंनी त्याला उचललं. मुलाची मान मागे लोंबली. ओठांभोवती निळसर झाक होती. त्यांनी कान त्याच्या छातीला लावला. एक श्वास आला. मग इतका वेळ काही आलंच नाही की बाईंना वाटलं, हाच शेवटचा. आणि मग दुसरा आला.

"भिकाजी, शेवंतीला बोलवा! धावा!"

त्यांनी तळपायावर टिचक्या मारल्या. काही नाही. ओलं फडकं तोंडावर फिरवलं, तेव्हा पापणी जराशी हलली. उजेडात नेऊन डोळा उघडून पाहिला तर बाहुली मोहरीएवढी बारीक. त्यांना वैद्यकीतलं काही येत नव्हतं. येत होतं ते एवढंच, की मुलाला शांत झोपू द्यायचं नाही. त्या त्याला उभं धरून खोपीबाहेर येरझाऱ्या घालू लागल्या, गालावर मारत, नाव घेत. "बाबू, बाबू, बाबू." दर श्वासाला मनात आकडा मोजत होत्या. मिनिटाला किती असायला हवेत ते ठाऊक नव्हतं, पण हे फार कमी होते हे कुणालाही कळलं असतं.

तुळसा माडाला पाठ लावून उभी होती. तिला आता समजलं होतं. ती रडत नव्हती, नुसती बघत होती. "बाई, तो मरतलो?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. आपण खोटं बोलतोय की खरं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तुळसा, बाटली आण." तिने बाटली आणि डवला दोन्ही आणून ठेवले. तळाशी डवलाभर औषध उरलं होतं. डॉक्टर बाटलीवर कात्रीने दात पाडलेली कागदी पट्टी चिकटवतात, एकेका दाताएवढं औषध द्यायचं म्हणून, ती पट्टी ओली होऊन निम्मी सुटली होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच ती पट्टी होती. पण पट्टी सुटली आणि चमचाही हरवला, तर किती द्यायचं हे कसं कळणार?

शेवंती आली ती चिखलाने माखलेली. तिने मूल बाईंच्या हातून हिसकावून घेतलं, आणि मग बाटलीशेजारी पडलेला डवला दिसला. ती तुळसाकडे वळली. तिचा हात वर उठला होता.

"मारू नको तिला!" बाई मध्ये आल्या. "शेवंती, मी तिला शाळेत यायला लावलं. मी. तिला चमचा काय आणि डवला काय, कुणी शिकवलं नव्हतं. मला मार हवं तर."

शेवंतीचा हात तसाच हवेत राहिला. मग ती खाली बसली आणि बाळाचे गाल चोळू लागली.

डॉक्टर, साहेबांच्या सायकलवर मागे बसून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी काही न विचारता एक बारीक नळी बाळाच्या घशातून आत घातली, पोटातलं काढलं. दोन इंजेक्शनं दिली. "झोपू देऊ नका," ते म्हणाले, "निजलं तर गेलं." पाळीपाळीने सगळ्यांनी मूल उचललं. भिकाजीने, शेवंतीने, बाईंनी, आणि एकदा कोट काढून ठेवून साहेबांनीही. डॉक्टर दर थोड्या वेळाने घड्याळ हातात धरून श्वास मोजत. बाई डॉक्टरांच्या ओठांकडे बघत बसल्या होत्या, आकडा वाढतो का घटतो ते पाहण्यासाठी.

दिवेलागणीच्या आधी बाबू रडला. आधी कुरकुर, आणि मग घसा फाटेपर्यंत. शेवंतीने त्याला छातीशी धरलं आणि स्वतः हमसून रडू लागली. डॉक्टर ओटीवर टेकले. "अर्धं बाहेर सांडलं असेल पाजताना," ते म्हणाले. "म्हणून वाचला."

परत जाताना पायवाटेवर साहेब सायकल हातात धरून चालत होते. बाईंना आता स्वतःची नोकरी आठवली, आणि आठवली म्हणून लाजही वाटली.

"तिचं उत्तर बरोबर होतं," साहेब म्हणाले. "तीन डवले. मी चूक म्हणून लिहिणार होतो."

"तुमची तपासणी अर्धीच राहिली."

"राहू दे. मी पुढल्या आठवड्यात येईन."

ते आले. वर्ग पुन्हा तपासला, शेरा ठीकठाक लिहिला. बाईंची नेमणूक पुढच्या वर्षीही राहिली. पण त्या दिवशी आणि नंतर महिनाभर तुळसाने शाळेत तोंड उघडलं नाही. पाण्याचं भांडं समोर आलं की ती हात मागे घ्यायची. आपण काही बोललं की काही तरी वाईट होतं, असं तिच्या मनात बसलं होतं. बाईंना याची भीती वाटे, कदाचित त्या दुपारपेक्षाही जास्त. कारण या गप्प बसण्यावर बोलावण्याजोगा डॉक्टर नव्हता.

त्यांनी तिला बळेच बोलतं केलं नाही. संध्याकाळी खोपीवर जाऊन शेवंतीपाशी बसत, बाबूला खेळवत. तुळसा जरा लांब बसे. एके दिवशी ती आपणहून जवळ सरकली.

"बाई," ती म्हणाली, "माका कळला नाय, म्हणान तसा झाला?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "आम्ही तुला सांगितलं नव्हतं."

तुळसाने बाबूच्या नाकाला लागलेली माती आपल्या परकराने पुसली आणि आपणहून कळशी उचलून विहिरीवर पाणी आणायला गेली.