अंगठ्याची जागा

बायकोला जाऊन आठ महिने झाले, तरी तिची बेस गिटार अजून हिरवीच होती.

तो हिरवा रंग त्याचाच पराक्रम. तो गाड्यांचा रंगारी. एकतीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये डेंटिंग-पेंटिंग केलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती आठ दिवस माहेरी गेली होती, तेव्हा तिला खूश करावं म्हणून त्यानं न विचारता तिची गिटार घासली आणि बसच्या कामातून उरलेला हिरवा रंग मारला. तीन हात रंगाचे, वर दोन हात लॅकरचे. ती परत आली, गिटारकडे बघत दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो रंगारी, आता मी स्टेजवर उभी राहिले की लोक हात दाखवून थांबवतील आणि तिकीट मागतील."

पण ती तीच गिटार वाजवत राहिली. आठवडाभर टपाल कचेरीत काउंटरवर बसायची आणि शनिवारी पाच जणांच्या बँडमध्ये मागच्या बाजूला उभी राहायची. घरी स्पीकर लावून सराव करायची तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. तो उठून ताटल्यांवर हात ठेवून उभा राहायचा. हे काम त्याच्याकडे होतं.

मधे एकदा कुठल्याशा पिठाच्या डब्याचं झाकण तिनं त्याच्यापुढे ठेवलं. रंग विटकरी. गिटारला हा मारून द्या, म्हणाली. त्यानं नाक मुरडलं, विटकरी हा भिंतीचा रंग आहे, म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात बघू असंही म्हणाला. असे पुढचे महिने बरेच आले. झाकण त्याच्या अवजारांच्या पेटीत पडून राहिलं.

आता बँडमधल्या लोकांनी लेकीला विचारलं होतं, की आईच्या जागी एक कार्यक्रम करशील का. लेक दोन तासांवरच्या गावी राहायची, एका दवाखान्यात व्यायाम शिकवायची आणि आईकडून शिकलेलं थोडंफार वाजवायची. तिनं हो म्हटलं, पण वाजवणार तर आईच्याच गिटारवर. गिटार मात्र हातात धरवत नव्हती. जुना रंग उकाड्यानं चिकट झाला होता, कोपर टेकलं की सुटायचं नाव घेत नव्हतं. फोनवर तिनं विचारलं, दुकानात टाकू का रंगवायला? ते त्याला लागलं. रंगाऱ्याच्या घरातली वस्तू दुकानात? मीच करतो, म्हणाला.

लेक म्हणाली, "करा. पण बाबा, आईची जागा तेवढी जपा. तिला हात लावू नका."

आईची जागा म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या वरच्या अंगाला पडलेली एक खळगी. वाजवताना ती अंगठा तिथं टेकवायची. तीस-बत्तीस वर्षांत अंगठ्यानं पाचही थर खाल्ले, मग लाकूड खायला सुरुवात केली. जागा अंगठ्याएवढीच, फार खोल नाही, घामानं तपकिरी झालेली. बाकी तिचं घरात काय उरलं होतं? साड्या लेकीनं वाटून टाकल्या, चष्मा पेटीत. तिच्या शरीरानं स्वतः घडवलेली अशी ती एकच जागा. हे लेकीनं सांगायची गरज नव्हती. त्याला ते चांगलं ठाऊक होतं.

त्यानं गॅलरीत टेबल मांडलं. तारा काढल्या, खुंट्या काढल्या, चार स्क्रू सोडवून दांडी वेगळी केली, आतल्या वायरी कुठं जोडल्या होत्या ते कागदावर काढून ठेवलं. मग हीट गनची गरम हवा मारत पत्र्यानं रंग खरवडायला घेतला. रंग फुगायचा, सुरकुतायचा आणि पट्ट्या निघायच्या. आपलंच जुनं काम इतकं घट्ट बसलेलं बघून त्याला थोडा अभिमान वाटला आणि थोडा वैताग आला. खळगीजवळ आला की गन बाजूला ठेवायचा आणि नखानं एकेक कपची काढायचा. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारून झाला आणि गोऱ्या लाकडाचं धड टेबलावर आलं.

मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलचे ओरखडे होते. खालच्या कडेला स्टँडवरून पडल्याचा एक टवका होता. दुपारी जेवून त्यानं रेडिओ लावला, पुट्टीत हार्डनर कालवला आणि भरायला बसला. पुट्टी एकदा कालवली की वीस मिनिटांत दगड होते, त्यामुळे हात भराभर चालवावा लागतो. त्याचा हात चालला. मागचे ओरखडे भरले, कडेचा टवका भरला, धड उलटं केलं, दिसलं ते भरलं. रेडिओवर जुनं काहीतरी लागलं होतं. तास दीड तासानं त्यानं सगळं घासून सपाट केलं.

वर्कशॉपमध्ये काम तपासायची त्याची एक रीत होती. डोळे मिटायचे आणि तळवा फिरवायचा. डोळा फसतो, तळवा फसत नाही. त्यानं डोळे मिटले आणि तळवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. कुठं अडला नाही. वा, असं त्याच्या मनात आलं. आणि मग तळवा जागच्या जागी थांबला. एका ठिकाणी तो अडायला हवा होता.

डोळे उघडायला त्याला वेळ लागला. तारांच्या वरच्या अंगाला राखाडी पुट्टीचा एक लांबट ठिपका होता. गुळगुळीत, कडेला कुठं रेघ नाही. एकतीस वर्षांत इतका साफ खड्डा त्यानं क्वचित भरला असेल.

तो स्टुलावर बसून राहिला. रेडिओ चालूच होता.

शेजारचा सुतार संध्याकाळी डोकावला. काटकोन बघायचा गुण्या त्याच्या खिशात कायम असायचा, म्हणून सगळे त्याला गुण्याच म्हणत. त्याला सगळं सांगितलं. गुण्यानं धड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि फार सोपं आहे म्हणाला. पुट्टीवर पॉलिश पेपर मारू नकोस, पुट्टी लाकडाहून कडक, आजूबाजूचं लाकूडच आधी झिजेल. त्यापेक्षा माझी गोल तोंडाची पटाशी घे. पुट्टीसकट थोडं खोल जा, अंगठ्याएवढी नवी खळगी पाड, चहाचं पाणी चोळून तपकिरी कर. पाच मिनिटांचं काम.

"पोरीला कळेल म्हणतोस?" गुण्यानं विचारलं.

"नाही कळणार."

"मग झालं तर."

"तिला कळणार नाही, आणि मला रोज कळेल."

पटाशी मात्र गुण्या ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्यानं ती दोनदा उचलली. एकदा धार लाकडाला टेकवलीसुद्धा. मग ती फडक्यात गुंडाळून ठेवली आणि लेकीला फोन लावला.

सांगताना त्यानं लांबण लावली नाही. आईची जागा मी भरून टाकली, म्हणाला. मग तिनं विचारलं, भरली म्हणजे? पुट्टीनं, तो म्हणाला. तो शिव्या खायच्या तयारीनं उभा होता.

"आई म्हणायचीच," लेक म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण त्यात हसूही होतं. "तुझ्या बाबांसमोर गालावर खळी घेऊन बसायची सोय नाही. भरून टाकतील."

शनिवारी सकाळी ती आली. बॅग ठेवली आणि सरळ गॅलरीत गेली. ठिपका बघून तिचं तोंड उतरलं. त्यानं विचार करून ठेवला होता. जुन्या गाडीची पुट्टी उखडायची तर आधी ती गरम करावी लागते, मग ती जरा नरम येते. लोखंड लावायचं नाही, लाकूड दुखेल. त्यानं आइस्क्रीमच्या काड्या तासून पसरट टोकं केली होती, डझनभर. तो लांबून हीट गन धरणार, ती मधोमध टोकरणार, कडेकडे जाणार.

तासाभरात दोघं तीनदा भांडले. गन फार जवळ आली, काडी फार आडवी झाली, असं. पुट्टी कणाकणानं सुटत होती. अकराच्या सुमारास राखाडीखाली तपकिरी दिसलं, मोहरीएवढं. लेक थांबली. त्यानंही गन खाली केली. मग दोघांनी भांडण सोडून दिलं.

शेवटी एका कडेला लाकडाच्या रेषेत बसलेला पुट्टीचा केसाएवढा राखाडी धागा राहिला. लेक तोही काढायला निघाली.

"राहू दे," तो म्हणाला. "तो काढायला गेलीस तर आईचं लाकूड निघेल. ती चूक माझी आहे, दिसू दे."

रंग मारायच्या दिवशी त्यानं खळगीवर टेप लावली. गाडीच्या काचेला, दिव्याला, रबराला, रंग नको तिथं आयुष्यभर टेपच लावली होती. पण अंगठ्याच्या आकाराची टेप कापायला त्याला चार तुकडे वाया घालवावे लागले. मग प्रायमर, मग रंग. डब्याचं झाकण समोर ठेवून त्यानं छटा जुळवली होती. भिंतीचा रंग लाकडावर चांगला दिसत होता. हे त्यानं मोठ्यानं कबूल केलं, गॅलरीत कुणी नसताना.

लॅकर आठवडाभर वाळू दिला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी लेक आली, तिच्यासमोरच त्यानं टेप सोलली. विटकरीच्या मधोमध ती तपकिरी जागा उघडी झाली. लेकीनं वायरी कागदात बघून जोडल्या, दांडी बसवली, तारा चढवल्या, पट्टा गळ्यात घेतला आणि अंगठा टेकवला. अंगठा खळगीत बसला नाही. बोटभर खाली पडला. तिनं तो वर सरकवून बघितला, मनगट वाकडं झालं.

"माझा इथं येत नाही, बाबा. आई बुटकी होती."

"मग तुझा जिथं येतो तिथं ठेव."

"तिथं तुमचा नवा रंग आहे. झिजेल."

कुणाच्या गाडीवर बारीक ओरखडा दिसला तरी त्याला घास गिळवत नसे. त्यानं चकचकीत विटकरीकडे बघितलं, मग लेकीच्या अंगठ्याकडे.

"झिजू दे," तो म्हणाला. "पण घाई करू नकोस. चांगले तीन हात मारलेत, दहा वर्षं तरी जातील."

तिनं स्पीकरला वायर जोडली आणि जाड तार छेडली. आत स्वयंपाकघरात मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या. तो सवयीनं उठला, आत गेला आणि ताटल्यांवर हात ठेवून उभा राहिला.