पाचवं पान, तेरावा ग्लास

धर्मपाल रामटेके रायपूरच्या उरला भागातल्या एका सळईच्या कारखान्यात हजेरीबाबू होता, आणि सुट्टीच्या दिवशी तो भुताच्या गोष्टी लिहायचा. वर्षाला दोन, फार तर तीन. नागपूरच्या एका दिवाळी अंकात त्या छापून यायच्या. रायपुरात मराठी वाचणारे तसे थोडेच. त्याच्या स्वतःच्या मुलीला, रीनाला, मराठी समजायची, पण ती मराठी वाचायची नाही. अंक हातात घेऊन ती फक्त चित्रं बघायची आणि म्हणायची, "पापा, इस बार भी डरावना है क्या?"

२००२ च्या दिवाळीत त्याची ‘तेरावा’ ही गोष्ट छापून आली आणि तिला अंकाचं पहिलं बक्षीस मिळालं. गोष्ट कारखान्यातलीच होती. पाळीवर बारा माणसं. हजेरी घेणारा मोजतो तेव्हा तेरा भरतात. पुन्हा मोजतो, बारा. चहा येतो तो मात्र तेरा ग्लास. कुणीच काही बोलत नाही. शेवटी सगळे कामाला जातात आणि मोजणाऱ्याला दिसतं, की तेरावा ग्लासही रिकामा आहे. बस, एवढंच. भूत कुठे दिसत नाही.

जानेवारीत संपादकांचं पाकीट आलं. आत त्यांचं दोन ओळींचं पत्र, आणि सोबत वर्ध्याच्या एका निवृत्त शिक्षकाचं लांबलचक पत्र जोडलेलं. शिक्षकांनी लिहिलं होतं, ‘तेरावा’ ही गोष्ट म्हणजे विनोदिनी कानडे यांच्या ‘पाचवं पान’ या जुन्या कथेची नक्कल आहे. ती कथा १९६१ साली छापली गेली होती. लेखिका हयात आहेत, रामटेके यांच्याच रायपुरात, तात्यापाऱ्यात राहतात. संपादकांनी फक्त खुलासा मागितला होता.

धर्मपाल पत्र हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिला. त्याची बायको शेवंता कपडे वाळत घालून आत आली.

"काय झालं? कुणाचं पत्र?"

त्यानं सांगितलं.

"मंग? केली का तुम्ही नक्कल?"

"नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मले नाही माहीत."

हे खरं होतं. अकरा वर्षांचा असताना तो रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात जायचा. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर होते. तिथे जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड होते, आणि त्यातल्या एका खंडात त्यानं ‘पाचवं पान’ वाचली होती. एका घरी पाहुणा जेवायला येतो. घरात माणसं तीन, पाहुणा धरून चार. घरची बाई पानं मात्र पाच मांडते. पाचव्या पानावर भात वाढते, वरण वाढते, तूप सोडते. कुणी विचारत नाही. जेवणं होतात, सगळे हात धुवायला उठतात, पाहुणा वळून बघतो, तर पाचव्या पानावरचा भात अर्धा झालेला. गोष्ट तिथेच संपते. भर दुपारी ती वाचून धर्मपाल घरी आला होता आणि आईनं वाढलेली ताटं मोजल्याशिवाय त्यानं घास घेतला नव्हता. असे किती दिवस गेले! पुढे लिहायला लागल्यावर त्याच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी एक जास्त असायचंच. एक जास्तीची चप्पल, एक जास्तीची सावली. लेखिकेचं नाव तो विसरला होता. ती रीत मात्र त्याच्या हातात राहिली होती.

"जाऊन भेटा त्या बाईले," शेवंता म्हणाली. "घरात बसून काय होते? रागावली तर रागावली."

रविवारी सकाळी तो अंक घेऊन तात्यापाऱ्यात गेला. दुकानांच्या वर दोन खोल्या होत्या. विनोदिनीबाई शाळेतून निवृत्त होऊनही वीस वर्षं होत आली होती. गुडघ्यांनी त्यांना जायबंदी केलं होतं, पण नजर तीक्ष्ण होती. समोर वर्तमानपत्रावर तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या, कोवळ्या भाजीचा ढीग, आणि त्या ती निवडत होत्या.

"नमस्कार बाई. मी धर्मपाल रामटेके. कारखान्यात हाव, उरल्याले. मी गोष्टी लिहितो."

"बसा. कसल्या गोष्टी?"

"भुताच्या." त्यानं अंक पुढे केला. "ही वाचून घ्या. मंग जे म्हणायचं ते म्हणा."

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. त्यांचं वाचन होईपर्यंत धर्मपालनं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून तो भाजी निवडू लागला. पंधरा मिनिटांनी त्यांनी अंक मिटला.

"रिकामा ग्लास माझा आहे."

"हो बाई."

"चोरलात?"

"लिहिताना मले वाटलं, माझंच आहे. अकरा वर्षांचा असताना वाचून घाबरलो होतो, तीस वर्षं डोक्यात होतं. खोटं नाही बोलून राहिलो."

बाई रागावल्या नाहीत. उलट किंचित हसल्या. "अहो, माझं तरी कुठे होतं? माझ्या वडिलांकडे भाषांतरित गोष्टींचं एक पुस्तक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं. कुणी लिहिलं, कुणी आणलं, देव जाणे. त्यात एक विधवा रोज सकाळी मेलेल्या नवऱ्याच्या बुटांना पॉलिश करते. आणि एक दिवस बुटांना ओला चिखल लागलेला असतो. मी तो चिखल घेतला. माझ्याकडे त्याचा भात झाला, तुमच्याकडे चहा. ज्यानं ती बुटांची गोष्ट लिहिली, त्यानंही कुणाचं तरी वाचलं असेल."

धर्मपालच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "म्हणजे बाई, यात कुणाचंच काही नसते?"

"रीत कुणाची नसते. ती घ्यावीच लागते, नाहीतर लिहिणार कसं? पण भात माझा होता." त्या थांबल्या. मग भाजीकडे बघत म्हणाल्या, "हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. माझा धाकटा भाऊ होता, निरंजन. नऊ वर्षांचा असताना खारून नदीत बुडाला. आई त्याचं पान मांडायची. दोन वर्षं. वडील गप्प जेवायचे. मी तेरा वर्षांची होते. एक दिवस आई पाणी आणायला आत गेली आणि मी त्या पानावरचा भात खाल्ला. आई परत आली, पान बघितलं, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग मी रोजच खाऊ लागले. तिला बरं वाटतं म्हणून. पुढे थांबताच येईना. थांबले असते तर तो दुसऱ्यांदा मेला असता ना."

खालच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकललं.

"गोष्टीत मी हे लिहिलं नाही. फक्त भात अर्धा केला," बाई म्हणाल्या. "पण वाचणाऱ्याला कुठेतरी कळतं, की हे पान खरंच कुणीतरी खाल्लंय. म्हणून तुम्ही घाबरलात, अकरा वर्षांचे असताना. आता मला सांगा, तुमचा ग्लास कोण पितो?"

"गोष्ट हाय बाई. कुणी नाही."

"धर्मपाल." आता त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "कोण आहे तेरावा?"

त्यानं तिवऱ्याची काडी मोडली. मग आणखी एक.

"बिसाहू," तो म्हणाला.

२००१ च्या मे महिन्यातली गोष्ट. राज्य नुकतंच वेगळं झालेलं, रायपूर त्याची नवीन राजधानी. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरलं होतं आणि शहरात जिकडे तिकडे खांब उभे राहत होते. सळई पुरत नव्हती. कारखाना तिन्ही पाळ्या चालायचा. ठेकेदार खेड्यांतून नवी माणसं आणायचा, आणि नवीन माणूस महिनाभर टिकेपर्यंत त्याचं नाव हजेरीच्या वहीत पेन्सिलीनं लिहायचं, अशी तिथली पद्धत होती. बिसाहू तिल्द्याकडच्या एका गावचा. त्याचा नववा दिवस होता. तापून लाल झालेली सळई लाटण्याच्या रुळांमधून सुटली आणि उसळून त्याच्यावर आली. तो जागीच गेला.

"मॅनेजरनं मले बोलावलं. म्हणे, आज पाळीवर किती लोक? मी म्हटलं, तेरा. तो म्हणे, पेननं किती? मी म्हटलं, बारा. मंग म्हणे, बाराच." धर्मपाल खाली बघूनच बोलत होता. "मी रबर घेतलं न् खोडलं. पुलिसांले सांगितलं, बाहेरचा माणूस आत घुसला होता. काहून घुसला, कोणालेच माहीत नाही. त्याचा चहाचा ग्लास तसाच भरून ठेवलेला होता, बाई. मीच नेऊन ओतला मोरीत."

बाईंनी निवडलेली भाजी बाजूला सरकवली. "मी गोष्टीत स्वतःला लपवलं. ते चाललं, कारण त्यात निरंजनचं काही जात नव्हतं. तू लपवलंस, त्यात एका माणसाचं नाव जातंय. त्याला तू भूत करून ठेवलंस, आणि लोक त्याला घाबरताहेत. घाबरायला हवं ते तुला."

त्या त्याला अरेतुरे करू लागल्या होत्या, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

घरी येऊन त्यानं शेवंताला सगळं सांगितलं. पावणेदोन वर्षं तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती भाकरी करत राहिली. मग म्हणाली, "त्याची बायको असेल ना?"

"असेल."

"तर आधी तिच्याकडे जाऊ. लिहायचं मंग पाहा."

त्यानं संपादकांना पत्र लिहिलं, की शिक्षकांचं म्हणणं बरोबर आहे, माझी गोष्ट ‘पाचवं पान’वरून आली आहे, हे पुढच्या अंकात छापावं आणि बक्षीस परत घ्यावं. पुढच्या रविवारी दोघं बसनं तिल्द्याला गेली आणि तिथून चालत गावात. बिसाहूची बायको सुकवारो अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. धर्मपालनं उभ्यानंच सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं त्याला येत होतं तेवढ्या छत्तीसगढीत. तिनं हात थांबवले नाहीत.

"ओमन कहिन, तोर आदमी उहाँ काम नइ करत रिहिस," ती म्हणाली. तुझा माणूस तिथे कामालाच नव्हता, असं तिला सांगितलं होतं. गावातले लोक म्हणत, चोरी करायला घुसला असेल. सासूनं तर तेच खरं धरलं होतं.

"काम करत होता," धर्मपाल म्हणाला. "नऊ दिवस. मीच नाव लिहिलं होतं, मीच खोडलं."

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल धर्मपाल पुढे कधी कुणाशी बोलला नाही. शेवंता तिच्याजवळ जाऊन खाली बसली.

फेब्रुवारीत त्यानं श्रम कार्यालयात लेखी जबाब दिला. आठवड्याच्या आत नोकरी गेली. समता कॉलनीत एका दवाखान्यात त्याला नोंदणीचं काम मिळालं, ते कमी दर्जाचं होतं आणि त्यानं ते तक्रार न करता केलं. त्या वर्षी त्यानं एकच गोष्ट लिहिली, ‘बिसाहू’. तीत मोजणारा रबर उचलतो, आणि नाव खोडलं तरी कागदावर पेन्सिलीची खाच उरते. लिहून झाल्यावर त्यानं ती विनोदिनीबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "शेवट लांबलाय. दोन वाक्यं काप." त्यानं कापली. दिवाळीत गोष्ट छापून आली. पाच-सहा वाचकांनी कळवलं, की आधीची जास्त भीतिदायक होती, हिच्यात भूतच नाही. बाईंनी तोवर गोष्ट लिहिणं सोडून चाळीस वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात त्यांनी एका फुलस्केप कागदावर ‘निरंजन’ असं शीर्षक लिहिलं, खाली दीड पान मजकूर. त्या पुढे जाऊ शकल्या नाहीत. मार्चमध्ये त्या गेल्या.

चौकशी लांबली. कारखान्यानं जुनी वही हजर केली, तिच्या त्या पानावर पेन्सिलीची खाच उजेडात तिरपी धरली की वाचता येत होती. ठेकेदारानंही शेवटी कबूल केलं. निकालाच्या दिवशी सुकवारो सासूला घेऊन आली होती. धर्मपाल आणि शेवंता मागच्या बाकावर बसली होती. अधिकाऱ्यानं कागद उचलला आणि कोरड्या, सरकारी आवाजात वाचलं, की बिसाहू वल्द मंगलू हा मृत्यूच्या दिवशी कारखान्यात कामगार म्हणून हजर होता.

म्हातारीला नीट ऐकू येत नव्हतं. तिनं सुनेचा हात धरून विचारलं, काय म्हणाले? सुकवारोनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, आणि सासूच्या कानाशी वाकून ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.