एक इंच माया

तुरुंगात नकाशा काढू नये असं कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. ते लिहून ठेवावं लागेल असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं. त्यामुळे झडतीत ड्रायव्हरच्या गादीखालून एक मोठा कागद निघाला तेव्हा शिपायाने तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि मग अशी शिट्टी फुंकली की स्वयंपाकघरातल्यांनी हातातले झारे खाली ठेवले.

दुपारपर्यंत तो कागद जेलरसाहेबांच्या टेबलावर पसरला होता. कोपरे वर वळू नयेत म्हणून एकावर पेपरवेट, एकावर टाचण्यांची डबी, एकावर चहाचा कप आणि एकावर साहेबांची टोपी ठेवलेली. समोर ड्रायव्हर उभा, आणि त्याच्या शेजारी कैद्यांना शिकवायला येणाऱ्या बाई.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नकाशा, साहेब."

"कशाचा?"

"आपलाच."

दारात उभ्या असलेल्या शिपायाला ठसका लागला.

"आणि ही तुटक रेघ कसली?"

"गटार, साहेब. जमिनीखालून जातं ना, म्हणून तुटक. पुस्तकात तसंच काढायला सांगितलंय."

"कुठून कुठे जातं?"

"स्वयंपाकघराच्या मागून निघतं आणि..." आपण काय बोलतोय ते इथे ड्रायव्हरच्या ध्यानात आलं, पण उताराला लागलेली गाडी अशी थोडीच थांबते. "...भिंतीबाहेर."

"भिंतीबाहेर," साहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

"साहेब," बाई पुढे झाल्या, "पळून जाणारा माणूस नकाशाखाली स्वतःचं नाव घालेल का? उत्तर दिशेचा बाण काढेल? कोपऱ्यात प्रमाण लिहील?"

"हुशार असेल तर मुद्दाम लिहील, बाई."

"हा हुशार नाही, साहेब," बाई ठामपणे म्हणाल्या.

हे आपल्या बाजूचं बोलणं आहे हे कळायला ड्रायव्हरला जरा वेळ लागला.

खरं तर चूक कुणाचीच नव्हती. जमीन मोजणी आणि आराखडा असा तो टपालाने शिकायचा अभ्यासक्रम होता. पुस्तकं टपालाने यायची, गेटवर उघडून झटकली जायची आणि मग बाईंच्या हाती पडायची. पूर्वी घोंगड्या ठेवायच्या एका खोलीत बाईंचा वर्ग भरे. चौथ्या स्वाध्यायात लिहिलं होतं, 'आपण राहता त्या जागेचा प्रमाणबद्ध आराखडा काढा.' हा प्रश्न काढणाऱ्याच्या मनात विद्यार्थ्याचा पत्ता आला नसावा. ड्रायव्हरने मात्र विचारलेलं तेवढं केलं. तो राहायचा तिथलाच आराखडा काढला. फिरायच्या वेळेत पावलाला पाऊल लावून सगळं आवार मोजलं. बघणाऱ्यांना वाटलं, याला वेड लागलं.

या अभ्यासक्रमाकडे तो वळला त्याला एक कारण होतं. दोन घोट पोटात गेल्याशिवाय तो स्टेअरिंगला हात लावत नसे, आणि अशाच एका संध्याकाळी त्याच्या ट्रकखाली हातगाडी ढकलत घरी निघालेला एक माणूस गेला. खटल्यात अपघाताच्या जागेचा आराखडा दाखवला गेला. ट्रक म्हणजे एक लांबट चौकोन, रस्ता म्हणजे दोन रेघा, आणि कडेला एक छोटासा गोल. त्या गोलावर बोट ठेवून सरकारी वकील म्हणाले, "हा माणूस." ज्या कागदावरून आपला न्याय झाला तो आपल्याला वाचताही येत नव्हता, ही गोष्ट ड्रायव्हरच्या डोक्यातून गेली नाही. तो गोलही गेला नाही.

लायसन्स कायमचं गेलं होतं. पुढच्या वर्षी सुटका. बाहेर गेल्यावर हाताला दुसरं काही काम हवं, हे उघड होतं. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळाच होता. तुरुंगाच्या कारकुनाने विचारलं होतं, "सुटल्यावर राहणार कुठे?" आणि ड्रायव्हरने उत्तर दिलं होतं, "बघू."

कारण त्याला खरंच माहीत नव्हतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा सोसेनात म्हणून बायकोने जुनं घर सोडलं होतं. कपडे शिवून ती पोट भरायची. आपल्या आईला घेऊन कुठेतरी एका खोलीत राहायला गेली होती. ती खोली ड्रायव्हरने पाहिलेली नव्हती. बायको अधूनमधून भेटीला यायची. शिलाई मशीनची कुरकुर सांगायची, आईचे गुडघे सांगायची, पण 'घरी' हा शब्द तिने एकदाही काढला नाही. आणि याने विचारलं नाही. दारूवरून तिने आयुष्यभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आता विचारायचं तरी कुठल्या तोंडाने? शिवाय विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? न विचारता निदान 'बघू' तरी म्हणता येत होतं.

नकाशा साहेबांच्या लोखंडी कपाटात गेला, पाठोपाठ पुस्तकंही गेली. बाईंनी साहेबांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी एका अटीवर पुस्तकं परत मिळाली. या भिंतींच्या आतली एकही रेघ कागदावर दिसता कामा नये. अभ्यासकेंद्राकडे चौकशी केल्यावर कळलं की कुठलंही घर चालेल, मापं मात्र खरी हवीत आणि समोरासमोरच्या भिंती जुळायला हव्यात. स्वाध्याय महिनाअखेर पोचला नाही तर परीक्षा पुढच्या वर्षावर जाणार होती, आणि तोवर हा बाहेर. बाहेर गेलेला माणूस पोट भरेल की पुस्तक उघडेल?

"कुणाचं तरी घर मोजून मागव," बाई म्हणाल्या.

कुणाचं तरी म्हणजे कुणाचं, ते दोघांनाही माहीत होतं.

कैद्यांचा फोन बोळाच्या टोकाला होता आणि त्याच्यामागे कायम रांग असायची. ड्रायव्हरच्या मागे त्याच्याच बराकीतला एक म्हातारा चोर उभा. जगातल्या प्रत्येकाची बाजू मांडायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत, ते त्याच्या घोरण्यावरून.

"अगं, एक काम होतं," ड्रायव्हर फोनवर म्हणाला.

"सामान पाठवता येत नाही. मागच्या वेळी साबण परत आला," बायको म्हणाली.

"सामान नको. तुझी खोली मोजून हवीय."

"कशाला? विकताय की काय?"

"भाड्याची खोली कशी विकणार मी?"

"तुमचा काही भरवसा नाही."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. नकाशा, शिट्टी, साहेबांची टोपी, गटार. "पुस्तकात नियमच आहे तसा. जे आहे पण दिसत नाही, किंवा जे अजून झालेलं नाही पण व्हायचंय, ते तुटक रेघेनं काढायचं. तर हे म्हणतात भुयार!"

"शाबास," बायको म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळलात, तर त्याचीही शिक्षा झाली."

पण पुढच्या खेपेला तिने मापं दिली. शिवणकामाच्या टेपने, साठ इंच झाले की भिंतीवर खडूची खूण करायची आणि तिथून पुढे. दाराच्या भिंतीचं माप सहा तुकड्यांत आलं: कोपऱ्यापासून दार, दार, दारापासून कपाट, कपाट, तिथून खिडकी, आणि कोपऱ्यापर्यंत खिडकी. समोरची भिंत सपाट, ती तीन तुकड्यांत. मशीन खिडकीखाली. आईची कॉट मोरीच्या बाजूला नको म्हणून आत. शेगडीचा ओटा. सपाट भिंतीशी काय आहे ते तिने सांगितलं नाही, आणि याने विचारलं नाही.

घोंगड्यांच्या खोलीत बसून त्याने एकास वीस प्रमाण धरलं आणि रेघा ओढायला घेतल्या. न पाहिलेली खोली कागदावर उमटायला लागली. खिडकी इथे, म्हणजे सकाळी ती बसते तेव्हा उजेड तिच्या डाव्या हातावर येत असणार. दार इथे, म्हणजे आत येणारा आधी म्हातारीला दिसणार. पेन्सिल नकळत रिकाम्या जागा शोधत फिरत होती. सासूबाईंच्या कॉटशेजारी उभा माणूस मावेल, आडवा नाही.

आणि शेवटची रेघ ओढली तेव्हा खोली बंदच होईना. कोपऱ्यात चार मिलिमीटरची फट राहिली. म्हणजे प्रत्यक्षात तीन इंच.

"बांधकाम तिरकं असेल," बाई म्हणाल्या. "किंवा माप चुकलं असेल. परत विचार."

परत विचारलं, आणि भडका उडाला.

"माझं माप चुकतं?" बायको म्हणाली. "लोक लांबून लांबून माझ्याकडे येतात, ते माझं माप चुकतं म्हणून? मी दोनदा मोजलंय, स्टुलावर चढून! तुमचंच गणित बघा. शाळेत किती पडायचे ते मला ठाऊक आहे."

"बायकोशी बोलतोयस की टेलरशी?" मागून वकील म्हणाला.

"दोन्ही एकच आहे," ड्रायव्हर म्हणाला. तोवर फोन बंद झाला होता.

ते दिवस वाईट गेले. महिना संपत आला होता. ती चिडली होती, आणि पुढच्या वेळी फोन उचलेल की नाही याचीही खात्री नव्हती. तीन इंच कुठल्याही एका भिंतीतून कापून खोली बंद करता आली असती. कोण बघायला जाणार होतं? रबर हातात घेऊन तो बसलाही. पण कुठली भिंत खोटी ठरवायची, ते त्याला ठरवता येईना. ज्या खोलीत त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं, तिची भिंत हा कोण सरकवणार?

म्हणून त्याने नुसतेच आकडे पुन्हा मांडले. दाराची भिंत सहा तुकडे, समोरची तीन. फरक तीन इंच. आडव्या भिंती पाहिल्या. मोरीची भिंत तीन तुकडे, तिच्या समोरची दोन. तिथे फरक एक इंच. तुकड्यांचा फरक आणि इंचांचा फरक बरोबर सारखाच. म्हणजे प्रत्येक तुकड्यात एक इंच कुठून तरी येत होता.

पण कुठून? विचार करता करता तो शर्टाची बाही दुमडत होता. आतली शिवण वर आली आणि तिच्या कडेला आत दुमडलेली कापडाची पट्टी दिसली. अर्धा इंच एका बाजूला, अर्धा इंच दुसऱ्या बाजूला.

पूर्वी पोट सुटलं की त्याची पॅन्ट कमरेत घट्ट व्हायची. बायको तोंडाने बडबडत, हाताने आतली शिवण उसवून ती सैल करून द्यायची. शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात त्याला ती माया म्हणायची. म्हणायची, मी माया सोडते म्हणून तुमचं निभतंय.

तो बोळाकडे जवळजवळ पळतच गेला. तिथे रांग होती आणि रांगेत वकील होता. वकिलाने त्याचा चेहरा पाहिला आणि आपला नंबर त्याला दिला.

तिने फोन उचलला.

"अगं, एकच विचारतो," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. "तू माया धरतेस का?"

वकील मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "ऐकलंत? भोंग्याने चारचौघांत विचारलं! आम्हाला उभ्या जन्मात जमलं नाही!"

"कशात?" पलीकडून बायको म्हणाली.

"मापात! भिंत मोजताना. प्रत्येक तुकड्याला एक इंच."

"धरणारच की. अंगाबरोबर कापड कापलं तर शिवायचं कशात?"

"अगं, पण भिंत शिवायची नाहीये!"

आणि ती हसली. आधी नाकातून फुसकन, मग मोकळी. ते हसू त्याने खटला उभा राहिल्यापासून ऐकलेलं नव्हतं. मागे तिची आई "काय झालं गं? काय झालं?" विचारत होती.

"हाताला सवयच झाली हो," ती म्हणाली. "टेप धरला की एक इंच आपोआप जास्त धरला जातो. आणि मी भांडले तुमच्याशी. आता?"

"आता काही नाही. तू सांग, मी वजा करतो."

एकेक तुकडा तिने परत सांगितला, त्याने हातावर पेनने लिहून घेतला. शिपाई दोनदा खाकरला. समोरासमोरच्या भिंती जुळल्या.

"बसलं?" तिने विचारलं.

"बसलं."

"चला, सुटलो." मग, "अहो, त्या सपाट भिंतीशी काय काढलंत?"

"काही नाही. तू काही सांगितलं नव्हतंस."

"तिथे एक कॉट काढा."

"आणलीस का?"

"नाही."

"मग नाही काढता येत. नसलेली वस्तू दाखवली की मार्क जातात."

"मार्कांचं मला सांगू नका. त्या गटाराच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, अजून झालेलं नाही पण व्हायचंय, त्याला काय असतं ते? तसं काढा. आणि ऐका, एक थेंब जरी पोटात गेलेला दिसला, तर कॉटसकट बाहेर."

"हो," ड्रायव्हर म्हणाला. आणखी काही बोलायचं होतं, पण शिपायाने घड्याळावर बोट ठेवलं होतं.

महिनाअखेरीच्या टपालात घालण्याआधी बाईंनी आराखडा तपासायला घेतला. भिंती जुळल्या होत्या, बाण होता, प्रमाण होतं. सपाट भिंतीपाशी आल्यावर त्यांचं बोट दचकून थांबलं.

"ही तुटक रेघ कसली? पुन्हा गटार?"

"कॉट आहे, बाई. अजून आलेली नाही."

"आणि हिचं माप? यादीत तर नाही."

"माझी उंची धरलीय," ड्रायव्हर म्हणाला. "वर एक इंच."

"इंच कशाला?"

"माया," तो म्हणाला, आणि पाकिटावर पत्ता लिहायला बसला.