केरूभाऊंनी न सांगितलेली वेळ

वरच्या बंधाऱ्यावरून साडेचारला पाणी सोडायचं ठरलं होतं. पण पंचवटीच्या पुलाखाली नदीपात्रात एक टेम्पो रुतला आणि तो काढायला सात माणसं खाली उतरली. म्हणून चार वाजून पाच मिनिटांनी गोटीरामकाकांनी नियंत्रण कक्षातून बंधाऱ्यावर, दरवाजे चालवणाऱ्या केरूभाऊंना फोन लावला. तिथे मोबाइलला रेंज नाही. जुनी तांब्याची लाइनच चालते.

"केरू, साडेचार नाही. साडेपाच."

पलीकडच्याने वेळ परत म्हणून दाखवायची आणि मगच फोन ठेवायचा, हा इथला नियम.

"साडेपाच," बारीक आवाज आला. चाचणीसाठी मी हेडफोन लावला होता, मलाही तो ऐकू आला. काकांनी फोन ठेवला.

"तेजस्विनी, तुझा नवा डबा झकास आहे," ते म्हणाले. "आधी केरूला दोनदा विचारावं लागायचं. आता कसा, लगेच उत्तर देतो."

तो डबा मी सोमवारी बसवला होता. तांब्याच्या लाइनवरचा आवाज तो इंटरनेटवरून काकांच्या फोनपर्यंत आणतो. काकांच्या 'लगेच'मुळे मी अस्वस्थ झाले. सोमवारपासूनचे चार कॉल मी लॅपटॉपवर उघडले. परत म्हटलेली प्रत्येक वेळ काकांच्या शब्दांमागून ०.४८ सेकंदांनी आली होती. चारही वेळा तेवढ्याच. माणूस असं बोलत नाही.

"काका, तो तुमचाच आवाज होता."

"मी काय, केरूचा आवाज ओळखत नाही?"

"इतका बारीक झाल्यावर नाही ओळखू येत."

कपाटातल्या कागदावर लाइनचा इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या विद्युत लहरींना होणारा तिचा विरोध, सहाशे ओहम लिहिला होता. मी डब्यात तोच आकडा भरला. पण तो कागद लाइन खांबांवरून जायची त्या काळातला. तेव्हा जाड तारा एकमेकींपासून हातभर अंतरावर असायच्या. अशा जोडीचा विरोध सहाशेच्या आसपास भरतो. यंत्रं, मीटर, सगळं त्याच आकड्याला धरून बनलं आणि तार बदलली तरी यंत्रांवर तो तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी बंधाऱ्याची लाइन जमिनीखालून गेली. केबलमध्ये बारीक तारा एकमेकींना चिकटून असतात. तिथे हिशेब नऊशेच्या जवळ जातो. सहाशे आणि नऊशेची गाठ पडते तिथे आवाजाचा पाचवा भाग मागे फिरतो. तो प्रतिध्वनी पुसण्याची सोय डब्यात असते, पण जुना फॅक्स अडखळू नये म्हणून मी ती बंद केली होती.

हे सगळं मला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. कागद मात्र मी तपासला नव्हता.

"म्हणजे केरूनं ऐकलंच नाही?" काका म्हणाले.

"माहीत नाही. ऐकलं असेलही."

चार सतरा. मी फोन लावला. बारा रिंग गेल्या, कोणी उचलला नाही. काकांनी मोबाइलवरून पुलाखालच्या मुकादमाला गाठलं.

"गोरक्ष, माणसं वर घे."

"पाच मिनिटं, काका. टेम्पो अर्धा वर आलाय."

"टेम्पो गेला खड्ड्यात. माणसं घे."

"आता सोडला तर खालच्या दोघांच्या अंगावर येईल हो."

चार बावीस. पुन्हा रिंग. दरवाजे उघडायच्या आधी केरूभाऊ मोटरला तेल द्यायला बाहेर जातात, काका म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघणं त्यांनी बंद केलं. चौथ्यांदा लावला तेव्हा चार सव्वीस झाले होते.

"हां, बोला."

मागे मोटर घरघरत होती.

"केरूभाऊ, पाणी कधी सोडताय?"

"सोडताय," मला माझाच आवाज आला. मग पलीकडून: "आता चारच मिन्टं राह्यली. काका मघाशी काय तरी बोलले, पन मोटर लय वरडत व्हती. साडेचारचंच असंल म्हनलं."

"साडेचार नाही. साडेपाचला सोडा. खाली माणसं आहेत."

"माणसं आहेत," फोन म्हणाला.

मग नुसती घरघर. काका रिसीव्हरला हात लावायला आले, मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"केरूभाऊ, माझे शब्द परत म्हणू नका. तुमच्या शब्दांत सांगा, आता काय करणार?"

घरघर थांबली. त्यांनी मोटर बंद केली होती.

"काय करनार? च्या पितो अन् तासभर बसून ऱ्हातो," ते म्हणाले. "कोन बोलतंय तुमी?"

मी नाव सांगितलं. ते अर्ध्या सेकंदाने माझ्याकडे परत आलं.