# नंतरचा पत्ता

लुस दारीचा पाय गाडीत बसल्यापासून थांबायला तयार नव्हता. मागे ऑक्सिजनचा सिलिंडर प्रत्येक वळणावर खणखणत होता आणि गाडी चालवता चालवता आल्बेइरो तिला टोमणे मारत होता.

"पत्ता काय, तर 'कररेरा १४'. बास! अहो इंजिनियर बाई, अर्धं पेरेइरा शहर राहतं त्या रस्त्यावर."

"लोकांना फॉर्म भरायचा कंटाळा, त्याला मी काय करू?" ती फणकारली.

गेल्या आठवड्यातही तिने हेच उत्तर दिलं होतं. घरोघर ऑक्सिजन पुरवणाऱ्या त्या छोट्या कंपनीसाठी मागणी नोंदवायचं वेबसाइटवरचं पान तिनेच महिन्याभरापूर्वी बनवलं होतं, आणि स्वतःच्या लेकराला कोणी नावं ठेवलेली कुणाला आवडतात? पण आजच्या मागणीत एक ओळ होती: 'सिलिंडर बारापर्यंत संपेल. वडील घरी एकटे असतात.' ती वाचल्यावर तिला खुर्चीत बसवेना. दिलेला नंबर माद्रिदचा होता, त्यांच्या मार्लेनी नावाच्या मुलीचा. सात वेळा लावला, उचलला नाही. आता सव्वाअकरा वाजले होते.

"थांबवा जरा," ती एकदम म्हणाली.

समोरच्या घरावर पाटी होती: # २२-०५. तिने फोनवर आपलंच पान उघडलं, 'कररेरा १४ # २२-०५' असा पूर्ण पत्ता भरला आणि पाठवला. कार्यालयाच्या यादीत उमटलं ते एवढंच: कररेरा १४.

पानावर भरलेला मजकूर ती दुव्याला तसाच, उघडावाघडा जोडत होती. दुव्यात # आलं की ब्राउझर तिथेच थांबतो, पुढचं स्वतःपाशी ठेवतो, पाठवतच नाही. ते चिन्ह %23 असं बांधून पाठवायचं असतं, हे तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आणि या देशात # शिवाय घराचा पत्ता सांगता येतो का? पण तिने चाचणीसाठी भरला होता तिच्या आईच्या कॉफीच्या मळ्याचा पत्ता, 'शाळेच्या वरचं निळं फाटक'. तिथे कुठला आलाय नंबर!

"लोकांनी नीटच भरलं होतं, दादा," ती म्हणाली. "शेण मी खाल्लं."

आल्बेइरोने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग टोमणे बंद झाले.

"कार्यालयात मिळेल ना पूर्ण पत्ता?"

"नाही. तो आपल्यापर्यंत आलाच नाही. मार्लेनीच्या फोनमधून बाहेरच पडला नाही."

चौकात आव्होकाडोवाला हातगाडी घेऊन उभा होता, भोंग्यातून ओरडत. लुस दारी उडी मारून उतरली.

"काका, भोंगा द्या. एका माणसाचा जीव अडकलाय."

"भोंगा माझ्याच हातात राहू दे, पोरी. पण काय ओरडायचं ते सांग. हा रस्ता मी वीस वर्षं झोपेतून उठवतोय!"

तिने मागणीतलं म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, तसा हातगाडी तिथेच टाकून तो गाडीच्या पायरीवर चढला. "एव्हेलिओऽऽ! ऑक्सिजन आलाय होऽऽ!" गाडी गोगलगाईसारखी चालली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, कुणी हसलं, कुणी भाव विचारला. लुस दारीने नखं कुरतडून बोटं लाल केली. बाराला दहा कमी असताना एका गच्चीवरून कपडे वाळत घालणारी बाई ओरडली, "एव्हेलिओ आजोबा? ते काय, दार उघडं आहे ते घर!"

दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यातच खुर्ची टाकून म्हातारा बसला होता, शेजारी ओढत आणलेला सिलिंडर. ओठ जांभळट झाले होते. आल्बेइरोने धावत जाऊन नवा सिलिंडर जोडला. म्हाताऱ्याची छाती हळूहळू खालीवर होऊ लागली, तेव्हा कुठे लुस दारी पायरीवर बसली.

तेवढ्यात फोन वाजला. मार्लेनी.

"माफ करा हं ताई, ड्यूटीवर फोन कुलपात असतो. सात कॉल! बाबा बरे आहेत ना? कामाच्या गडबडीत मी पत्ता अर्धाच लिहिला असणार."

आल्बेइरोने डोळ्यांनी खुणावलं, असू दे, गप्प बस.

"बरे आहेत. आणि तुम्ही पत्ता पूर्ण लिहिला होता," लुस दारी म्हणाली. "माझ्या पानाने तो तोडला."

"मंगळवारीसुद्धा?"

"मंगळवारीसुद्धा."



"मंगळवारी मला निरोप आला, 'कोणी दार उघडलं नाही.'"

तो निरोपही लुस दारीचाच. आल्बेइरोला तिने दोनच बटणं दिली होती: 'पोचवला' आणि 'कोणी दार उघडलं नाही'. घर न सापडल्याचं तिसरं बटण तिला सुचलंच नव्हतं.

"मी त्यांना वाट्टेल ते बोलले हो. म्हटलं, डॉमिनो खेळायला गेला असाल, मेलात तरी मला कळवू नका. चार दिवस फोन नाही केला. आज सकाळी केला तेव्हा कळलं, शिल्लक सिलिंडरवर काढले त्यांनी; तरी पुन्हा बजावलंच, आज तरी दार उघडा." "त्यांना द्या."

लुस दारीने फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला. पलीकडून काही ऐकू येण्याआधीच त्याने मास्क बाजूला केला आणि घाईघाईने बोलू लागला.

"मार्लेनी, आज सकाळपासून मी दार उघडंच ठेवलंय, पोरी. उंबऱ्यातच बसलोय. हवं तर यांना विचार."